मुंबईची ज्वालामुखीय भूमी

मुंबई आणि साष्टी या बेटांचा जवळजवळ सगळा पायाचा खडक ज्वालामुखीतून आलेला आहे. शहरात शंकूसारखा डोंगर नाही, धुमसणारे विवर नाही, त्यामुळे ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पण मेट्रोच्या बोगद्यांसाठी फोडलेला कातळ, कान्हेरीच्या लेण्यांच्या भिंती, मलबार हिलचा कडा आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल हे सारे एकेकाळी तप्त शिलारस होते किंवा त्याच्या स्फोटातून उडालेली राख आणि दगड. हे उद्रेक सुमारे 6.6 कोटी ते 6 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हा उकळत असतो, हा समज चुकीचा आहे. कवचाखालचे प्रावरण प्रचंड तापलेले असले, तरी वरच्या दाबामुळे ते घनच राहते. ते वितळते ते ठरावीक ठिकाणी. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या थराचे प्रचंड सरकते तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात तिथे खालचा खडक वर येतो, त्याच्यावरचा दाब घटतो आणि तो वितळू लागतो. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे त्याच्यासोबत खोल गेलेले पाणी प्रावरणात मिसळते आणि खडक कमी तापमानाला वितळतो; अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, याच प्रकारचा. तिसरा प्रकार तप्तबिंदूचा. खोलवरून वर येणाऱ्या उष्ण खडकाच्या लोटावरून भूपट्ट सरकत जातो आणि त्याला जागोजाग छिद्रे पडतात. मुंबईसह दख्खनचे पठार घडवणाऱ्या उद्रेकांचा संबंध बहुतेक भूवैज्ञानिक हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या तप्तबिंदूशी जोडतात. त्या वेळी भारताचा भूपट्ट तिथून उत्तरेकडे चालला होता.

उद्रेक शांत होणार की स्फोटक, हे मुख्यतः शिलारसातल्या सिलिकेवर (वाळूतले मुख्य द्रव्य) आणि वायूंवर ठरते. सिलिका कमी असलेला बेसॉल्टी लाव्हा 1,100 ते 1,200 अंश सेल्सिअसला बाहेर पडतो, पातळ असतो आणि दूरवर वाहत जातो. सिलिका जास्त असलेला शिलारस घट्ट असतो. त्यात अडकलेल्या वायूंना वाट मिळत नाही आणि दाब असह्य झाला की खडकाच्या ठिकऱ्या उडतात. सोड्याची बाटली हलवून उघडली की जे होते, तेच इथे डोंगराएवढ्या प्रमाणात घडते.

दख्खनचा लाव्हा मुख्यतः पहिल्या प्रकारचा. तो एका शिखरातून उसळला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पुराच्या पाण्यासारखा पसरला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. दोन उद्रेकांमध्ये मोठा खंड पडला, तर खालच्या थराचा माथा झिजून तांबडी माती होई आणि पुढचा लाव्हा ती भाजून झाकून टाकी. घाटातल्या कड्यांमध्ये दिसणारे तांबडे पट्टे अशा मातीचेच आहेत. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी 2 किलोमीटरहून अधिक आहे आणि आज उरलेले क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात. या लाव्हाथरांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात; त्यातला ‘ट्रॅप’ पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. राजगड, रायगड यांचे ताशीव कडे आणि विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन ही याच लाव्ह्याची देणगी आहे. लोणारचे सरोवर मात्र ज्वालामुखीचे नव्हे. ते उल्कापाताने बेसॉल्टात पडलेले विवर आहे.

मुंबईची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि म्हणून अभ्यासकाला जास्त ओढ लावणारी आहे. घाटावर थर आडवे आहेत, पण पनवेलच्या परिसरापासून ते वाकून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात. मलबार हिल ते वरळी या रांगेला पूर्वेकडे उभा कडा आणि पश्चिमेकडे समुद्रात उतरणारा ढाळ आहे, तो या कलण्यामुळे. शिवाय इथले बरेच खडक दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतरचे आहेत. बेसॉल्टबरोबर ट्रॅकाइट आणि रायोलाइटसारखे जास्त सिलिकेचे खडक, राखेचे थर, पाण्यात ओतल्यामुळे उशांसारखा गोल गोळा झालेला लाव्हा, हे सगळे लोकल गाडीच्या टप्प्यात सापडते.

कान्हेरीला गेल्यावर मूर्तींइतकेच भिंतीकडेही नीट पाहावे. कोपरे झिजलेले नाहीत असे लहानमोठे दगडाचे तुकडे राखेच्या गिलाव्यात रुतून बसलेले दिसतात. काही मुठीएवढे, काही त्याहून मोठे. हा ज्वालामुखी कोणाश्म, म्हणजे स्फोटात फुटलेल्या खडकाचा आणि राखेचा घट्ट झालेला ढीग. इतका भयंकर जन्म असलेल्या या दगडात पुढे बौद्ध भिक्षूंनी विहार, चैत्य आणि पाण्याची टाकी कोरली.

वरळीला दोन लाव्हाथरांच्या मध्ये उथळ पाण्यात साचलेला काळसर गाळाचा खडक आहे. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले आणि आज ती जात इंडोबॅट्राकस पुसिलस या नावाने ओळखली जाते. उद्रेक थांबले की तळी भरत, जीव परतत, आणि पुढचा लाव्हा त्यांच्यावरून वाहून जाई. डायनोसॉरांचा अंत दख्खनच्या वायूंनी झाला की मेक्सिकोत आदळलेल्या उल्केने, हा वाद जगभर चालतो. वरळीचे बेडूक मात्र त्या अंतानंतर जीवसृष्टी कशी सावरली, त्याचे साक्षीदार आहेत.

शहराने हा दगड मनसोक्त वापरला. कुर्ल्याचा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत शेजारी शेजारी बसवलेले दिसतात. खाणींमधून बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढलेले प्रेहनाइट, झिओलाइट यांचे सुंदर स्फटिकही निघाले. कांदिवलीचे प्रेहनाइट जगभरच्या संग्रहांत आहे.

वज्रेश्वरी, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे पाहून ‘खाली ज्वालामुखी आहे’ असे म्हटले जाते. तसे नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वर येते. इथला शिलारस कोट्यवधी वर्षांपूर्वीच थिजला.

तो थिजलेला नेमका पाहायचा तर गिल्बर्ट हिल. सुमारे 60 मीटर उंचीचा हा काळा कातळ उभ्या खांबांच्या जुडीसारखा दिसतो. शिलारस थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या, आणि त्या भेगा एकमेकींना जोडत आत उतरत गेल्या, म्हणून हे बहुकोनी खांब तयार झाले. आजूबाजूचा खडक खाणकामात फोडून नेला गेला आणि ही टेकडी एकटी उरली. महापालिकेने तिला वारसा यादीत जागा दिली आहे; तरी खांबांच्या पायथ्याला घरे आणि इमारती अगदी भिडल्या आहेत, आणि सुटलेला खांब खाली आला तर जायला जागाच नाही. पायऱ्या चढून वर गावदेवीच्या देवळापाशी गेले की पायाखाली याच खांबांचे माथे असतात.