लोकमान्य टिळक : खासगी मिळकत आणि सार्वजनिक पैसा

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०) यांचा चरितार्थ, त्यांच्यावर पडलेला खटल्यांचा बोजा आणि लोकांनी त्यांच्या हाती दिलेला निधी यांविषयीची ही नोंद. टिळकांच्या राजकारणावर अमाप लिहिले गेले. पण त्यांचे घर कशावर चालत होते, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. वास्तविक त्यांच्या आयुष्यातली काही मोठी वळणे थेट पैशाच्या प्रश्नातून आलेली आहेत.

टिळकांचे घराणे दापोली तालुक्यातील चिखलगावचे खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे वतनदार. नाव खोतीचे असले तरी उत्पन्न बेताचेच होते. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात नोकरीला होते. ते १८७२ मध्ये वारले तेव्हा टिळक सोळा वर्षांचे होते. पुढे १८७६ मध्ये बी. ए. आणि १८७९ मध्ये एल्‌एल. बी. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी किंवा वकिली सहज मिळाली असती. घरच्यांचीही तीच अपेक्षा असणार. टिळकांनी मात्र विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि पहिल्या वर्षी वेतनही घेतले नाही. १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. त्यासाठी घेतलेल्या आर्यभूषण छापखान्यातील खिळ्यांच्या (छपाईच्या टाइपांच्या) पेट्या या पदवीधर मंडळींनी स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणल्या, ही आठवण टिळकचरित्रांत आवर्जून सांगितली जाते. हमाली वाचवावी लागावी, अशी तेव्हाची स्थिती होती.

पत्र निघून वर्ष होते न होते तोच कोल्हापूर प्रकरण उभे राहिले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध छापलेल्या मजकुराबद्दल टिळक आणि ‘केसरी’चे संपादक, त्यांचे सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. जामिनासाठी दहा हजार रुपये हवे होते. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी तो जामीन दिला. फुल्यांचे आणि या तरुणांचे विचार फारसे जुळणारे नव्हते, म्हणून ही मदत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिक्षा टळली नाही. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. आजीव सभासदांचे, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांचे, वेतन महिना ७५ रुपयांवर ठरले. याच वेतनावरून पुढे संस्थेत फूट पडली. टिळकांचे म्हणणे सरळ होते : आजीव सभासदाने संस्थेच्या वेतनात भागवावे, बाहेरची कमाई करू नये आणि बाहेरच्या कामात वेळ घालवू नये. आगरकरांना घरखर्चाची ओढाताण सोसवत नव्हती. वाढत्या संसारात वेतन वाढावे किंवा बाहेर मिळवण्याची मोकळीक असावी, ही त्यांची आणि इतर काहींची मागणी अवाजवी म्हणता येत नाही. दम्याने खंगलेल्या आगरकरांची बाजू वाचताना आजही जीव तुटतो. होळकर महाराजांच्या देणगीवरूनही दोघांत कडवट वाद झाला. सोसायटीतले सहकारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातील राजकीय संस्थेचे चिटणीसपद घेतले, ते टिळकांच्या दृष्टीने शेवटचे कारण ठरले. १८९० च्या अखेरीस त्यांनी आपली बाजू सविस्तर मांडणारा दीर्घ राजीनामा दिला. ७५ रुपयांचे बांधील उत्पन्नही संपले.

त्यानंतर टिळकांनी जे केले ते त्यांच्या तत्त्वाला धरूनच होते. पोटासाठी सार्वजनिक कामावर अवलंबून राहायचे नाही, म्हणून त्यांनी कमाईची साधने वेगळी उभी केली. वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी त्यांनी कायद्याचा वर्ग चालवला आणि काही वर्षे घर मुख्यतः या वर्गाच्या फीवर चालले. दुसरे साधन लातूरचा जिनिंगचा कारखाना. कपाशीतली सरकी काढण्याचा हा कारखाना त्यांनी निजामाच्या मुलखात भागीदारीत घातला. पुण्यात बसून वेदांचा काळ ठरवणारा माणूस लातूरच्या कपाशीचा हिशेबही बघत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८९१ मध्ये त्यांच्या एकट्याच्या मालकीचे झाले ते कर्जासकट. ते कर्ज त्यांनी अंगावर घेतले. ‘केसरी’चा खप वाढत गेला तसा तो पुढे चरितार्थाचाही मुख्य आधार झाला. १९०५ मध्ये त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडून नारायण पेठेतला गायकवाड वाडा विकत घेतला. घर, कचेरी आणि छापखाना एकाच वाड्यात आले. हाच आजचा केसरीवाडा.

मिळकत अशी मर्यादित, आणि खर्चाची सर्वांत मोठी बाब म्हणजे कोर्ट. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यासाठी बंगालमध्ये वर्गणी जमली आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. त्याच वर्षी मृत्युशय्येवरच्या बाबामहाराज पंडित या स्नेह्यांनी टिळकांना मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमले. त्यातून त्यांच्या विधवा पत्नीच्या नावाने ओळखले जाणारे ताईमहाराज प्रकरण उद्‌भवले. दत्तकाचा वाद, टिळकांवरच फौजदारी, १९०३ मध्ये शिक्षा, १९०४ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष सुटका, आणि दिवाणी दाव्याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयात १९१५ साली त्यांच्या बाजूने. मित्राला दिलेल्या शब्दापायी केलेल्या या लढाईत त्यांना एक पैचा लाभ नव्हता. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगातून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांतही या दाव्याच्या सूचना येतात, तशाच घरच्या गोष्टी आणि हव्या असलेल्या ग्रंथांच्या याद्याही. ज्या राजद्रोहाच्या खटल्यामुळे ते मंडालेला गेले, त्या १९०८ च्या शिक्षेत सहा वर्षांच्या काळ्या पाण्याबरोबर एक हजार रुपये दंडही होता. त्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बचावाचे भाषण केले. मंडालेत पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला मोठा खप मिळाला.

२३ जुलै १९१६ रोजी साठी पूर्ण झाली तेव्हा गायकवाड वाड्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली. ती रक्कम स्वतःसाठी न घेता राष्ट्रकार्यासाठीच वापरू, असे त्यांनी तेथेच सांगितले. हा पैसा लोकांचा, आपण फक्त विश्वस्त, ही त्यांची भूमिका होती. याच सोहळ्याच्या सुमारास सरकारची नोटीस आली : वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका (स्वतःचा हमीपत्राचा करार) आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत? लोकांनी दिलेले एक लाख आणि सरकारने मागितलेले चाळीस हजार एकाच वेळी समोर आले. बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

शेवटचा आणि सर्वांत जबर फटका चिरोल खटल्याचा. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हिंदुस्थानातील असंतोषावरील पुस्तकात टिळकांवर आरोप केले होते. त्याबद्दल टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन्ही देशांतले वकील, इकडच्या साक्षी, इंग्लंडचा प्रवास, तिथला मुक्काम, सगळाच खर्च मोठा. फेब्रुवारी १९१९ मध्ये दावा हरला आणि प्रतिपक्षाचा खर्चही अंगावर पडला. एकूण बोजा तीन लाखांच्या घरात गेल्याचे मानले जाते. साप्ताहिकाच्या उत्पन्नातून तो कधी फिटला नसता. टिळकांना वाचवण्यासाठी पुन्हा निधी उभारला गेला. थैलीच्या पैशाला त्यांनी घरखर्चासाठी हात लावला नव्हता, हे देणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच पुन्हा मागायला गेलेल्यांना लोकांनी रिकाम्या हाताने पाठवले नाही.

मुंबईत टिळकांचे घर नव्हते. कामासाठी गेले की ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृह या खानावळ-वसतिगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन तिथेच झाले. पुढच्या वर्षी काँग्रेसने त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड काढून एक कोटी रुपये जमवण्याचे ठरवले. गांधीजी त्यासाठी देशभर फिरले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, आणि ठरलेल्या मुदतीत, जून १९२१ अखेर, कोटीचा आकडा गाठला गेला.