ठाणे जिल्ह्यातील शिकारबंदी व तिची अंमलबजावणी

ठाणे जिल्ह्यातील आणि नवी मुंबई परिसरातील वन्य प्राण्यांची व पक्ष्यांची शिकार रोखणारे कायदे, ते राबविणारी यंत्रणा आणि वनगुन्ह्यांच्या तपासाची रीत हा या नोंदीचा विषय आहे. शिकार म्हटले की बंदूक डोळ्यांसमोर येते. परंतु या जिल्ह्यात बंदुकीपेक्षा तारेच्या फासक्याने अधिक प्राणी धोक्यात येतात. त्यामुळे येथील शिकारबंदीचे यश दोन कामांवर अवलंबून असते. जंगलात लावलेला फासा जनावर अडकण्यापूर्वी शोधून काढणे हे पहिले काम, आणि गुन्हा घडलाच तर त्याची कागदपत्रे न्यायालयात टिकतील अशी तयार करणे हे दुसरे.

संरक्षित क्षेत्रे : दाट नागरी वस्ती आणि राखीव जंगल इतक्या जवळ असण्याची उदाहरणे राज्यात थोडी आहेत. सुमारे १०४ चौ. किमी. विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊरचा भाग ठाणे शहराला लागून आहे, तर घोडबंदर रस्त्यापलीकडचा नागला भाग वसईच्या खाडीपर्यंत पोहोचतो. शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावाभोवतीचे तानसा अभयारण्य आहे. मुरबाड तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या कड्याशी भीमाशंकर अभयारण्याची हद्द येते. ऐरोली व वाशी येथील खाडीपुलांदरम्यानचे ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले. नवी मुंबईच्या दक्षिणेस, पनवेल तालुक्यात कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. मात्र शिकारबंदी केवळ या क्षेत्रांपुरती नाही. पारसिकचा डोंगर, बारवी धरणाभोवतीचे रान, भिवंडीकडील माळ आणि खाजगी मालकीची भातशेते यांनाही ती लागू आहे. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीने फरक पडतो तो शिक्षेत.

कायद्याची वाटचाल : ब्रिटिश काळातील १८८७ आणि १९१२ च्या कायद्यांचा रोख शिकार थांबविण्याकडे नसून तिला शिस्त लावण्याकडे होता, विणीच्या हंगामात शिकारीला मनाई करणे ही त्यांतील मुख्य तरतूद. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर आलेल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने देशभरासाठी एक चौकट दिली, पण त्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. संपूर्ण शिकारबंदी १९७२ पासून आहे असे अनेकदा लिहिले जाते ते अचूक नाही. परवान्याचा मार्ग खऱ्या अर्थाने बंद झाला तो १९९१ मध्ये. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, सहा अनुसूचींच्या चार अनुसूची केल्या. आता संरक्षित प्राणी पहिल्या दोन अनुसूचींत आहेत, तिसरीत वनस्पती आणि चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील प्रजाती आहेत. बिबट्या, मोर, घोरपड, खवले मांजर आणि पिसोरी हे ठाणे परिसरात आढळणारे प्राणी पहिल्या अनुसूचीत येतात. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे.

शिकारीची व्याख्या : कायद्यातील शिकार ही बोलीभाषेतील शिकारीपेक्षा फार व्यापक आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फासा किंवा सापळा लावणे, हाका करून जनावर उठविणे, आमिष दाखविणे, जखमी करणे, शरीराचा भाग काढून घेणे आणि पक्ष्यांची वा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी उद्ध्वस्त करणे हे सर्व तीत येते. यांपैकी बहुतेक कृत्यांचा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. म्हणून रिकामा फासा सापडला तरी गुन्हा नोंदविता येतो, आणि प्राणी वाचविण्याच्या दृष्टीने कायद्यातील हीच तरतूद सर्वांत मोलाची आहे. घरट्यांविषयीचा भाग शहरी वाचकाला अधिक जवळचा आहे. पावसाळ्याच्या सुमारास गृहसंकुलांतील झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, आणि बगळे व वंचक यांची वीण नेमकी त्याच काळात सुरू असते. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका संकुलात २०२१ मध्ये अशा छाटणीत पक्ष्यांची पिल्ले मेल्यावर वन विभागाने वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदविला होता. वृक्ष प्राधिकरणाची छाटणीची परवानगी हातात असली, तरी पिल्ले असलेली घरटी पाडण्याची मुभा तिने मिळत नाही.

याउलट, पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून चढणारे वळगणीचे मासे किंवा शेताच्या बांधावरचे खेकडे पकडणे ही या कायद्यातील शिकार नव्हे, कारण कायद्याच्या लेखी वन्य प्राणी म्हणजे अनुसूचीत नाव असलेला प्राणी. राखीव वनात मात्र मासेमारीलाही भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ चे निर्बंध आहेत, आणि पाण्यात विष कालविणे तेथे स्वतंत्र गुन्हा आहे.

अपवाद : वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी अथवा आजारी असेल, तरच अशी परवानगी देता येते. आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा दुसरीकडे हलविणे शक्य नाही याची खात्री अधिकाऱ्यास आधी करून घ्यावी लागते. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकाचे नुकसान हेही कारण धरले जाते. मुरबाड व शहापूर तालुक्यांत भात आणि भाजीपाल्याची शेते रानडुकरे एका रात्रीत उकरून टाकतात, त्यामुळे शेतकऱ्याची तक्रार खरी असते. त्याच्यासमोरचे वैध मार्ग दोन : पीक नुकसानीच्या भरपाईसाठी वन विभागाकडे अर्ज करणे आणि अधिकृत परवानगी मागणे. कुंपणात वीज सोडणे हा मार्ग नाही. आकडा टाकून घेतलेल्या विजेने डुकराबरोबर बिबट्या, गुरे आणि कधी रात्री शेतात गेलेली माणसेही दगावतात, आणि मग वन्यजीव कायद्यासोबत वीज कायद्याचे व मनुष्यवधाचे कलमही लागू शकते. स्वसंरक्षणार्थ सद्भावनेने प्राणी मारला गेल्यास तो गुन्हा होत नाही. मात्र मारणारी व्यक्ती त्या वेळी या कायद्याचा भंग करीत असेल तर हा बचाव चालत नाही. मेलेला प्राणी कलम ३९ नुसार शासनाच्या मालकीचा असतो.

वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी हे या भागातील आदिवासी समाज. ससा, तितर, घोरपड, खेकडे हे त्यांच्या आहारात पिढ्यान्पिढ्या होते, आणि शिमग्याच्या सुमारास गावाने मिळून रानात जाण्याची प्रथाही कोकणपट्टीत होती. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपज, चराई व मासेमारीचे हक्क मान्य केले, पण पारंपरिक हक्कांच्या यादीतून शिकार आणि सापळे लावणे स्पष्टपणे वगळले. त्यामुळे गलोल घेऊन फिरणारा पाड्यावरचा मुलगा आणि शहरातून मोटारीने आलेली, डोक्याला बॅटरी बांधलेली टोळी एकाच कलमाखाली येतात. न्यायालयाला शिक्षा ठरविताना हा फरक काही प्रमाणात करता येतो. तपास यंत्रणेने आपली शक्ती कुठे खर्च करावी हे ठरवितानाही तो करायला हवा. खवल्यांचा आणि कातड्यांचा व्यापार करणारा दलाल मोकळा राहून पाड्यावरचा माणूस कोठडीत जाणे ही कायद्याची अंमलबजावणी अपुरी असल्याचीच खूण आहे.

शिकारीच्या पद्धती : दुचाकीची क्लच वा ब्रेकची तार, किंवा कुंपणाची बारीक तार वापरून केलेला फासा ही सर्वांत स्वस्त व सर्वांत घातक पद्धत होय. ससा किंवा डुक्कर ज्या पायवाटेने पाण्यावर येते तेथे फासा खुंटीला बांधून ठेवतात. तो जनावर ओळखत नाही. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्याची कंबर वा मान अडकते, धडपडीत तार मांसात रुतते, आणि सुटका झाली तरी आतल्या इजेने प्राणी पुढे मरू शकतो. लावणाऱ्याने डुक्कर मनात धरले होते, बिबट्या नव्हे, हा बचाव म्हणून पुरत नाही. याशिवाय पिठाच्या गोळ्यात दडविलेली स्फोटके, ठासणीच्या बंदुका, पक्ष्यांसाठी खाडीकिनारी व पाणथळीवर लावलेली बारीक जाळी आणि उन्हाळ्यात गवताला आग लावून जनावर उठविणे या पद्धतीही आढळतात. आगीने वणवा पसरतो आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची वीणच नाहीशी होते. वणव्याचा तपास करताना शिकारीचा उद्देश तपासला जाणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

शस्त्रांबाबतच्या एका तरतुदीचा विशेष उल्लेख आवश्यक आहे. कलम ३४ नुसार अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने आपले नाव मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदविणे बंधनकारक आहे, आणि त्या पट्ट्यात त्यांच्या पूर्वसहमतीविना नवा शस्त्र परवाना देता येत नाही. ही तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. नकाशावर हे अंतर मोजले की ठाणे शहर आणि ऐरोलीपासून वाशीपर्यंतची नवी मुंबई या पट्ट्यात येते. एवढ्या मोठ्या नागरी लोकसंख्येवर प्रभाव असलेली ही तरतूद सामान्य परवानाधारकाला क्वचितच ठाऊक असते.

यंत्रणा : जंगलातील सर्वांत लहान घटक म्हणजे नियतक्षेत्र, आणि त्याचा भार एका वनरक्षकावर असतो. त्यावर परिमंडळाचा वनपाल, परिक्षेत्राचा वनक्षेत्रपाल, मग सहायक वनसंरक्षक व उपवनसंरक्षक अशी उतरंड आहे. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यांचा कारभार वन्यजीव शाखेकडे, उर्वरित वनक्षेत्र ठाणे व शहापूर यांसारख्या प्रादेशिक विभागांकडे, तर खाडीकिनाऱ्याची जबाबदारी २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाकडे आहे. एकाच शिकाऱ्याचा माग काढताना या तिन्ही हद्दी ओलांडाव्या लागतात. मदतीला मानद वन्यजीव रक्षक, प्राणिमित्र संस्था आणि पोलीस असतात. केंद्र सरकारचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो आंतरराज्य व आंतरराष्ट्रीय तस्करीची माहिती देतो. न्हावा-शेवा बंदर जवळ असल्याने सीमाशुल्क विभागाचाही येथे संबंध येतो.

तपास व खटला : कलम ५० खाली वनाधिकाऱ्यांना आणि उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या पोलिसांना झडती, जप्ती व अटकेचा अधिकार आहे. घटनास्थळाचा पंचनामा, फाशाच्या तारेची व खुंटीची जप्ती, मांस वा कातड्याचे नमुने मोहोरबंद करणे आणि प्राथमिक गुन्हा अहवाल हे पहिल्या काही तासांतले काम असते. शिजवलेले मांस डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून नमुने डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादचे पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्र अशा ठिकाणी डीएनए चाचणीसाठी पाठवितात. सहायक वनसंरक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकृत अधिकाऱ्याने आरोपीच्या उपस्थितीत नोंदविलेली साक्ष पुढे खटल्यात ग्राह्य धरता येते. हे विशेष बळ कायद्याने वन विभागाला दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीच्या ध्वनिचित्रमुद्रणावर भर दिल्याने पंच फितूर झाल्यावर खटला कोसळण्याचा धोका कमी व्हायला हवा.

अनेकदा कातडी, खवले किंवा मांडूळ विकायला आलेल्या माणसाला शहरात पोलीसच सापळा रचून पकडतात. कलम ५५ नुसार मात्र न्यायालय अशा गुन्ह्याची दखल पोलिसांच्या नुसत्या दोषारोपपत्रावर घेत नाही; मुख्य वन्यजीव रक्षक किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. वन विभागाला वेळेत कळविले नाही तर उत्तम कारवाईही तांत्रिक मुद्द्यावर अडकते. बिबट्याच्या कातड्यासारखी वस्तू आरोपीच्या ताब्यात सापडली असे सिद्ध झाले, की तो ताबा कायदेशीर असल्याचे दाखविण्याची जबाबदारी कलम ५७ मुळे आरोपीवर येते. घोरपडीचे जननेंद्रिय वाळवून ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी म्हणून विकण्याच्या प्रकरणांत हे कलम उपयोगी पडते, कारण विक्रेता ती वनस्पती असल्याचे सांगतो आणि चाचणी ती प्राणिज असल्याचे दाखविते.

शिक्षा : सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार असेल, किंवा शिकार राष्ट्रीय उद्यानात वा अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होतो. येऊरच्या राष्ट्रीय उद्यानात मारलेले रानडुक्कर आणि उद्यानाबाहेर मारलेला बिबट्या यांना त्यामुळे सारखीच किमान शिक्षा आहे. किमान कैद ठरवून दिलेल्या अशा गुन्ह्यांत तडजोड रक्कम भरून सुटता येत नाही. गुन्ह्यात वापरलेले वाहन व हत्यार जप्त होते.

नागरिकांसाठी राज्याच्या वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. शिवाय कलम ५५ ने सामान्य माणसालाही खटला दाखल करण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी गुन्ह्याची आणि तक्रार करण्याच्या इराद्याची साठ दिवसांची पूर्वसूचना शासनास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास द्यावी लागते. फासा दिसल्यास तो स्वतः काढून टाकण्याऐवजी जागेसह छायाचित्र घेऊन कळविणे तपासाला अधिक उपयुक्त ठरते, कारण खुंटी, गाठ बांधण्याची पद्धत आणि भोवतालचे ठसे हाच त्या गुन्ह्यातील पुरावा असतो. जनावर अडकलेले असेल तर जवळ जाऊ नये. प्रशिक्षित बचाव पथक येईपर्यंत गर्दी दूर ठेवावी.