रॉकसाठी हेडफोन घेताय? आधी गिटार ऐका

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात ‘रॉकसाठी हेडफोन दाखवा’ म्हणा, बहुतेक वेळा भरपूर बेसवालाच पुढे येतो. ट्रेबलही चढवलेला, त्यामुळे झांजा लखलखतात. खालचा आणि वरचा आवाज उचललेला, मधला, म्हणजे ‘मिड’, दाबलेला. आलेख इंग्रजी व्हीसारखा दिसतो, म्हणून हा ‘व्ही-शेप’. दुकानात दोन मिनिटं ऐकायला झकास वाटतो. पण रॉकचा जीव ज्या भागात असतो, नेमका तोच यात मागे पडतो, असं माझं ठाम मत आहे.

बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनं) वाजते, इलेक्ट्रिक गिटारची ८२ हर्ट्झला. गिटारला डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत केला, की मूळ सुराच्या पटीतले कितीतरी वरचे स्वर एकदम उसळतात. मात्र गिटारच्या अँप्लिफायरमधला १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. म्हणजे ती करकरीत धार सगळी मधल्याच पट्ट्यात. गायकाचे शब्दही तिथेच, स्नेअर ड्रमचा बराचसा तडाखाही तिथेच. मिड दाबले की नुसता धडधडाट आणि छनछनाट उरतो.

आपल्या कानाचाही यात हात आहे. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद असते. अशी नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसूक वाढवते. महाद्वार रोडवर विसर्जन मिरवणुकीत ढोल पोटात घुमतो, पण गर्दीतून लांबूनही ओळखू येते ती हलगी. तिच्या कडकडाटाचा बराच भाग कान सर्वांत तीक्ष्ण असतो त्याच पट्ट्यात पोचतो. हेडफोन कानावर चढवला की बाहेरून येणाऱ्या आवाजावरचा कानाचा हा संस्कार बदलतो, म्हणून चांगल्या हेडफोनला तिथे मुद्दाम उठाव द्यावा लागतो. ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हार्मन कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१२ नंतर अनेक श्रोत्यांना वेगवेगळी ट्यूनिंग (कुठला स्वर किती जोरात, ही मांडणी) ऐकवून पसंती विचारली. बहुसंख्यांना आवडलं ते चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारं: बेस थोडा जास्त, ३,००० जवळ उठाव, बाकी शांत. रॉक असो वा रोजचं ऐकणं, सुरुवात इथूनच करावी.

जादा बेसला जागा नाही असं नाही. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं, की आवाज हळू असेल तर कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. रात्री घरी हळू ऐकणाऱ्याला व्ही-शेप भरलेला वाटतो तो यामुळे. पुण्याच्या एसटीत इंजिनाची घरघरही बेसच गिळते.

पण बेस कमी वाटला म्हणून लगेच नवा हेडफोन घेऊ नका. चष्मा असेल तर त्याची काडी कानामागे हेडफोनच्या उशीला जिथे उचलते, त्या बारीक फटीतून खालचे स्वर निसटतात. बंद हेडफोनच्या दोन्ही वाट्या हाताने हलकेच दाबून बघा. बेस भरून आला, तर दोष ट्यूनिंगचा नाही.

रॉकबरोबर बाकीचंही ऐकणाऱ्यांनी एक शास्त्रीय ध्वनिमुद्रण जरूर लावून बघावं. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात गायले, तिथे हे वेगळं सांगायला नको. फुगवलेल्या बेसमध्ये डग्गा इतका घुमतो की तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणीत गुंज, त्याखाली बुडते. जवारी स्वच्छ ऐकू आली, की गिटारही सहसा जागेवर असते.

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला हेडफोनही ‘अधिक चांगला’ वाटतो, आणि दुकानात फसगत होते ती बहुधा इथेच. हातात आधीच व्ही-शेप असेल तर फोनच्या इक्वलायझरमध्ये १,००० ते ३,००० चा भाग दोन-तीन डेसिबल वर घ्या, किंवा बेस तेवढाच खाली आणा. गाण्याचे शब्द नीट कळावेत म्हणून एरवी आपण आवाजच वाढवत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४.