## च्या आधी: कॉमेंटने शब्द जोडायचे दिवस

मॅक्रोत (एका नावाजागी ठरलेला मजकूर घालणाऱ्या व्याख्येत) दोन टोकन, म्हणजे कोडमधले सुटे शब्द, जोडायला ## आणि पॅरामीटरची, म्हणजे मॅक्रोला दिलेल्या मजकुराची, स्ट्रिंग (अवतरणांतला मजकूर) करायला # वापरायचं, हे सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याला आज आयतं मिळतं. पहिल्या प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपायलरच्या आधी कोडच्या मजकुरात फेरफार करणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र यातलं काहीच येत नव्हतं. 1972-73 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहावरून तो सीमध्ये आला, तेव्हा फाइल आत ओढणं आणि एका नावाजागी दुसरा मजकूर ठेवणं एवढंच त्याचं काम होतं. पॅरामीटरवाले मॅक्रो पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी घातले.

खरी गंमत रायझर यांच्या प्रीप्रोसेसरमध्ये होती. तो कॉमेंट (कोडमधली माणसांसाठीची टीप) पुसताना मागे स्पेससुद्धा ठेवत नसे. त्यामुळे मॅक्रोत अ/**/ब (मधे रिकामी कॉमेंट) लिहिलं की कंपायलरच्या हाती ‘अब’ हे एकच नाव पडायचं. शिवाय अवतरणचिन्हांच्या आतला पॅरामीटरही तो बदलायचा. बर्कली युनिक्सच्या हेडरमध्ये (इतर कोडमध्ये ओढायच्या फाइलीत) कंट्रोल-कॅरॅक्टर काढणारा मॅक्रो ('सी'&037) असा लिहिलेला होता. त्यातला ‘सी’ हे अक्षर नसून पॅरामीटर होता! भाषेने न दिलेल्या या सवलतींवर लोकांनी भरपूर कोड उभा केला.

सीचं मानक ठरवायला 1983 मध्ये नेमलेल्या एक्स-3-जे-11 समितीला हे निस्तरावं लागलं. 1989 च्या अ‍ॅन्सी (अमेरिकी मानकसंस्था) मानकाने कॉमेंटच्या जागी एक स्पेस आणली आणि अवतरणांतला मजकूर जसाच्या तसा राहील असं ठरवलं. काढून घेतलेल्याच्या बदल्यात # आणि ## दिले. पण # मधून सुटी स्ट्रिंग निघते, ती पुढच्या-मागच्या मजकुराला चिकटणार कशी? त्यासाठी शेजारच्या स्ट्रिंग आपोआप जुळतील असा नियमही आला. हे जुळणं मॅक्रो उलगडून झाल्यावर होतं, म्हणून तर दोन्ही एकमेकांना इतके पूरक ठरतात. समितीचं हे काम मला फार नेटकं वाटतं.

एक भोक मात्र उरलं. एकेरी अवतरणांसाठी ऑपरेटर दिलाच नाही. तो कंट्रोलवाला मॅक्रो त्यामुळे मोडला आणि अवतरणं लिहिण्याचं काम मॅक्रो वापरणाऱ्यावर आलं. अशी जुनी हेडर दुरुस्त करून घ्यायला जीसीसी या कंपायलरसोबत फिक्सइन्क्लूड्स नावाचं वेगळं साधन द्यावं लागलं.

जुनी युक्ती अजून गेलेली नाही. जीफोरट्रान हा जीसीसीमधला फोरट्रान भाषेचा कंपायलर आपल्या फाइलींवर प्रीप्रोसेसर जुन्या, ‘ट्रॅडिशनल’ पद्धतीनेच चालवतो. तिथे ## चालत नाही, आणि नावं जोडायला आजही मधे रिकामी कॉमेंट लिहितात.