इंजिनिअरिंगचा पसंतीक्रम भरण्याआधी : आमच्याकडे येणाऱ्या पालकांसाठी

बारावीचा निकाल हातात पडला की "एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज लागेल?" हा प्रश्न घरोघरी सुरू होतो. (पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत ते.) आमची विनंती आहे की आधी पात्रता पाहा. ती सगळीकडे सारखी मोजत नाहीत.

पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कऱ्हाडचं शासकीय कॉलेज इथे मुख्यतः एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून प्रवेश होतो. बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय (बहुतेकांचा केमिस्ट्री) मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के पुरतात. नागपूरचं व्हीएनआयटी मात्र जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर चालतं. तिथे बारावीला एकूण ७५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ६५, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांना असतात. पवईच्या आयआयटीत जेईई ॲडव्हान्स्ड लागते आणि राज्याचा कोटा नाही. बिट्स गोवा या खासगी संस्थेची परीक्षा वेगळीच. म्हणजे बारावीला ५८ टक्के आणि सीईटी झकास गेलेली असेल, तर सीओईपीची आशा जरूर धरा, व्हीएनआयटीची नको.

जेईईचे ९० आणि सीईटीचे ९० पर्सेंटाइल एकमेकांशी ताडून पाहू नका. परीक्षेला बसलेली मुलंच वेगळी असतात.

आता कटऑफची, म्हणजे शेवटचा प्रवेश कितीवर झाला त्याची यादी. एकेका शाखेखाली जीओपनएस, एलओपनएस, जीओबीसीएच असे रकाने दिसतात. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींची राखीव जागा. मधलं ओपन किंवा ओबीसी म्हणजे प्रवर्ग. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले विद्यार्थी, ओ म्हणजे बाहेरचे. खालचा मोठा आकडा मेरिट क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. कितीतरी पालक शेजारचा रकाना वाचून उगाच हिरमुसतात.

पसंतीक्रम मनापासून हवा तसाच लावा. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालची जागा हातची जात नाही, वाटप मेरिटनेच होतं. फक्त २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तर ते घ्यावंच लागे, पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे वरच्या ओळींत "बघू या" म्हणून काहीही टाकू नका.

शाखेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. नव्या कॉलेजातल्या नव्या नावाच्या शाखेपेक्षा जुन्या शासकीय कॉलेजातलं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल आम्ही वर ठेवतो. एनबीए हे दर्जाचं राष्ट्रीय मानांकन शाखेला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही, तेव्हा आपल्याच शाखेचं विचारा. कामाच्या दिवशी जाऊन प्रयोगशाळा बघा, शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला.

कागदपत्रांवर आमचा जीव टांगलेला असतो. गेल्या हंगामात एक वडील सगळी फाइल नीट लावून घेऊन आले. जातीचा दाखला होता, वैधता प्रमाणपत्र होतं, पण नॉन-क्रिमीलेअरची (उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची) मुदत त्याच ३१ मार्चला संपलेली. नवा दाखला वेळेत आला नसता तर मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली गेली असती. चार दिवस ते तहसील कचेरीच्या फेऱ्या मारत होते. तो दाखला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा, एवढं आजच तपासा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं. या जागांचा कोड वेगळा, शेवटी टी असलेला, आणि तो यादीत स्वतंत्र भरावा लागतो. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे.

येताना स्कोअरकार्ड, बारावीची गुणपत्रिका, अधिवास आणि प्रवर्गाचे मूळ दाखले आणा. मुलाला किंवा मुलीला सोबत आणाच. यादी आम्ही त्यांच्याशी बोलूनच करतो.