सार्वजनिक वन्यजीवभूमी : शिकारी व पक्षीनिरीक्षकांचा सामाईक वापर (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी मालकीच्या अनेक पाणथळ जागा, माळराने आणि जंगले शिकारी व पक्षीनिरीक्षक या दोघांनाही खुली असतात. कोणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात आणि कोणत्या परवान्यावर जायचे, हे मात्र ठरवून दिलेले असते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी भारतात शिकारीची वाट जवळपास बंद केली. त्यामुळे बंदूक आणि दुर्बीण एकाच बांधावर, ही कल्पना मराठी वाचकाला खटकते. पण भरतपूरचे केवलादेव पक्षी उद्यान आठवावे. तिथले पाणीच मुळात संस्थानी शिकारीसाठी साठवलेले होते, आणि १९३८मध्ये तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद उद्यानातल्या शिलालेखावर आजही वाचता येते.

अमेरिकेत अशा जमिनी मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. केंद्राची ‘राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थाने’ हा पहिला प्रकार. पिसांच्या व्यापारासाठी पक्ष्यांची कत्तल चालू होती, ती थांबावी म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३मध्ये फ्लोरिडातील पेलिकन आयलंड राखीव केले, तिथून ही व्यवस्था सुरू झाली. १९९७च्या कायद्याने शिकार, मासेमारी, वन्यजीव पाहणे, छायाचित्रण, पर्यावरण शिक्षण आणि माहितीदर्शन (जागेवरचा निसर्ग लोकांना समजावून सांगणे) या सहा गोष्टींना इतर उपयोगांपेक्षा अग्रक्रम दिला; मात्र आश्रयस्थानाच्या मूळ हेतूला त्यांनी बाधा येता कामा नये. स्थलांतरी पक्ष्यांसाठी अभय क्षेत्र म्हणून घेतलेल्या जमिनीवर त्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी साधारणपणे ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग खुला करता येत नाही. दुसरा प्रकार राज्यांच्या ‘वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रां’चा. इथले नियम राज्यागणिक बदलतात.

या सगळ्याच्या मुळाशी पैसा आहे. १९३४पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी ‘डक स्टॅम्प’ हे केंद्र सरकारचे सचित्र तिकीट घेणे सक्तीचे झाले. पहिल्या तिकिटावरचे चित्र व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढले होते. किंमत होती १ डॉलर. आज ती २५ डॉलर आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात किंवा राखण्यात जातात, आणि आजवर ६० लाख एकरांहून अधिक जमीन यातून वाचली आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसे यांवरचा कर (आज ११ टक्के) राज्यांच्या वन्यजीवकार्याला लावून दिला. दुर्बिणी आणि पक्ष्यांचे खाद्य यांवरही असाच कर बसवावा, हा प्रस्ताव १९९०च्या दशकात पुढे आला, पण मंजूर झाला नाही. ‘जमीन आमच्या पैशाने राखली’ हे शिकाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच सहज झटकून टाकता येत नाही.

कोलोरॅडोत हा वाद थेट फाटकापाशी येऊन ठेपला. १ जुलै २०२० पासून राज्याच्या वन्यजीव क्षेत्रांत पाऊल टाकायला प्रत्येक प्रौढाला शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना लागू लागला. आयुष्यात गळ न धरलेल्या पक्षीनिरीक्षकांना मासेमारीचा परवाना घ्यावा लागला. २०२१मध्ये त्यांच्यासाठी वेगळा पास निघाला, आणि तोच मार्ग जास्त न्याय्य म्हणावा लागेल: पैसे सर्वांनी द्यावेत, पण ज्याच्या त्याच्या नावाने.

प्रत्यक्ष जागेवरचे नियम साधे, पण जिवाशी गाठ असलेले. स्थलांतरी पक्ष्यांवर नेम धरण्याची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत असते. म्हणजे पक्षी पाहण्याची उत्तम वेळ तीच बारांचीही. हरणांच्या शिकारीच्या हंगामात पक्षीनिरीक्षक भडक नारिंगी जाकीट घालूनच निघतात. पाणवठ्यावर वेगळाच अनुभव येतो. धुक्यात दहा-बारा बदके दिसतात, दुर्बीण स्थिरावते, आणि मग लक्षात येते की एकही मान हलत नाही. ती शिकाऱ्याने सोडलेली नकली बदके असतात आणि जवळच्या लव्हाळ्यात त्याचे लपण असते. अशा वेळी मुकाट मागे फिरावे. परवानाधारक शिकाऱ्याच्या कामात मुद्दाम अडथळा आणणे पन्नासही राज्यांत गुन्हा आहे.

दोघांचे हित एकत्र आल्याची उदाहरणेही ठळक आहेत. शिशाचे छरे गिळून बदके मरत, आणि ती खाऊन गरुडही. म्हणून १९९१पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे देशभर बंद झाले. उलट २०२०मध्ये डक स्टॅम्पच्या चित्रात शिकारीची खूण असलीच पाहिजे अशी अट आली, तेव्हा शिकार न करणारे खरेदीदार दुरावतील अशी टीका झाली. पुढच्याच वर्षी ती अट काढली गेली.

शिकाऱ्याला कागदी तिकिटावर शाईने आडवी सही करावी लागते. प्रवेशशुल्क असलेल्या आश्रयस्थानांत मात्र चालू वर्षाचा डक स्टॅम्प प्रवेशपत्र म्हणूनही चालतो, म्हणून बंदुकीला हात न लावणारे कित्येक पक्षीनिरीक्षकही दर जुलैत नवा स्टॅम्प विकत घेतात.