कोकोशनिक घातलेली ती ‘मुलगी’ नाहीये हो

वर्षातून चारदा तरी ते चित्र मला कुणीतरी पाठवतंच. लाल साराफान (बिनबाह्यांचा लांब रशियन झगा), त्यावर सोनेरी पट्ट्या, आत पांढरा झिरझिरीत सदरा, गळ्यात माळ, कानात डूल, डोक्यावर सोनेरी कामाचा लाल कोकोशनिक, म्हणजे कपाळावर उभं राहणारं रशियन शिरोभूषण, आणि त्याखाली इतका निवांत चेहरा की बघणारं माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतं. आणि खाली कॅप्शन, ‘रशियन शेतकरी मुलगी’. एकदा तर ‘रशियन खेड्यातली निरागस कुमारिका’ असंही वाचलंय, त्या दिवशी माझा चहा गार झाला कारण मी त्या माणसाला उत्तर टाइप करत बसले होते आणि त्यानं उत्तरादाखल फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

चित्राची माहिती पटकन, कारण ती कुठंही मिळते. इवान आरगुनोव, १७८४, मॉस्कोची त्रेत्याकोव गॅलरी, कॅनव्हासवर तैलरंग, साधारण ६७ बाय ५४ सेंटिमीटर, म्हणजे फार मोठं नाही. आरगुनोव हा चित्रकार शेरेमेत्येव या सरदारघराण्याच्या मालकीचा भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा माणूस. मालकीचा हा शब्द मुद्दाम वापरलाय. चित्रातली कोण आहे ते माहीत नाही म्हणून नाव ‘रशियन पोशाखातली अनोळखी’ असं काहीसं. (आणि हो, क्रामस्कॉयची घोडागाडीत बसलेली, आपल्याकडं तुच्छतेनं बघणारी १८८३ ची ‘अनोळखी’ ती वेगळी, तिचा आणि शेतीचा काही संबंध नाही.)

आता मुद्दा. ही मुलगी नाही, लग्न झालेली बाई आहे. आणि हे मी तिचा चेहरा बघून नाही सांगत, डोकं बघून सांगतेय.

आपल्याकडं जुन्या फोटोत बाई लग्नाची आहे की नाही हे कळायला काय बघायचं ते तुम्हाला सांगायला नको, नजर आपोआप गळ्याकडं आणि कपाळाकडं जाते. रशियन खेड्यात ते सगळं काम केसांवर होतं. मुलगी असेल तर एकच वेणी, पाठीवर मोकळी सोडलेली, टोकाला रिबीन किंवा नक्षीचं काहीतरी लटकन. डोक्याला पट्टी बांधायची, तिला पोव्याझ्का म्हणा, व्येनेत्स म्हणा, प्रांताप्रमाणे नावं बदलतात, पट्टी अरुंद असेल, रुंद असेल, मोत्यांनी मढवलेली असेल, पण एक गोष्ट ठरलेली की टाळू उघडी. लग्न झालं की एका वेणीच्या दोन वेण्या, त्या डोक्याभोवती गुंडाळायच्या, त्यावर पोवोयनिक नावाची मऊ टोपी आणि सणासुदीला त्याच्यावर कोकोशनिक, दक्षिणेकडच्या प्रांतांत किच्का. टाळू पूर्ण बंद. परक्या माणसासमोर डोकं उघडं दिसणं ही लाजिरवाणी गोष्ट. इतकी लाजिरवाणी की रशियनमध्ये ‘ओप्रोस्तोवोलोसित्स्या’ असं एक जिभेची परीक्षा बघणारं क्रियापद आहे, मूळ अर्थ केस उघडे पडणं, आणि आजचा अर्थ चारचौघात फजिती करून घेणं. आज ते टाय लावलेला पुरुषही स्वतःबद्दल वापरतो.

लग्नाच्या विधीत हा बदल अगदी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायचा. मैत्रिणी गाणी म्हणत, रडत नवरीची वेणी सोडायच्या आणि लग्न लागल्यावर त्याच केसांच्या दोन वेण्या घालून डोकं झाकून टाकायचे. कोन्स्तान्तिन माकोव्स्कीचं १८८९ चं नवरीच्या शृंगाराचं मोठं चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये आहे, त्यात नवरी मधोमध आणि तिच्या लांब केसांशी बायकांचे हात, बाकी सगळ्या खोलीत रेशीम आणि लगबग. घर सरदाराचं आहे, खेड्यातलं नाही, पण केसांचा नियम तोच. कोकोशनिक म्हणजे नेमकं काय हे मला पुस्तकापेक्षा त्या चित्रानं जास्त समजावलं.

मग लोक चुकतात कुठं? तर समोरून बघितलं की ही दोन्ही सारखीच दिसतात. ही खरी गोची आहे आणि हिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. रुंद, उभी, नक्षीदार पट्टी आणि कोकोशनिक, दोन्ही चेहऱ्याच्या वर अर्धगोलासारखी उभी राहतात, दोन्हींना कपाळावर मोत्यांची जाळी असू शकते, दोन्हींना मागं रिबिनी असतात, आणि पोर्ट्रेट तर बहुतेक वेळा समोरूनच काढलेलं असतं, चित्रकार काही मॉडेलला गोल फिरवून दाखवत नाही. म्हणजे जो भाग बघायला पाहिजे, टाळू, तोच नेमका दिसत नाही. अशा वेळी मी आधी वेणी शोधते. मुलगी असेल तर चित्रकाराला ती वेणी दाखवायचा मोह आवरत नाही, तो ती खांद्यावरून पुढं छातीवर आणतोच, वेणी म्हणजे तिची सगळी ऐट. वेणी दिसली की विषय संपला. नसेल तर पट्टीच्या वरच्या कडेच्या मागं नजर न्यायची, तिथं केसांचा फुगवटा दिसतोय का कापडाचा? कापड असेल, जरीचं असेल, मऊ टोपीची गोलाई असेल तर बाई. आणि नावावर जाऊ नका, कारण काही भागांत मुलींच्या पट्टीलाही लोक सरसकट कोकोशनिक म्हणायचे आणि म्युझियमच्या पाट्याही नेहमी एकसारख्या नसतात. मला पाटीपेक्षा टाळूवर जास्त भरवसा आहे.

आता परत आरगुनोवकडं या. वेणी कुठंच नाही, ना खांद्यावर ना छातीवर. केस कोकोशनिकाखाली गेलेत आणि कोकोशनिक बंद आहे. झालं की.

“पण किती कोवळी दिसते!” हे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. अहो, दिसणारच. कोकोशनिक हा मुळात नव्या नवरीचा, तरुण सुनांचा दागिना, बऱ्याच ठिकाणी पहिलं मूल होईपर्यंत किंवा लग्नानंतरची थोडी वर्षं तो मिरवायचा आणि मग पेटीत ठेवून द्यायचा, म्हाताऱ्या बायका साध्या टोपीवर रुमाल बांधायच्या. म्हणजे कोकोशनिकाखाली कोवळाच चेहरा असणार, उलट सुरकुतलेला असता तर मला प्रश्न पडला असता. शिवाय रशियात मुलीच्या लग्नाचं किमान वय १६ केलं ते १८३० साली, त्याआधी मर्यादा त्याहून खाली होती. आमच्या घरी पणजीचा एक फोटो आहे, नऊवारी, नथ, कपाळावर आडवं कुंकू आणि वय असेल तेरा, तिला बघून कुणी ‘महाराष्ट्रातली कुमारिका’ असं लिहिलं तर माझी आजी उठून बसेल. वय वेगळं आणि अवस्था वेगळी, हे आपल्याला तरी कळायला पाहिजे.

आरगुनोवची ही बाई शेरेमेत्येवांच्या घरातली दाई, म्हणजे त्यांच्या बाळाला दूध पाजणारी असावी असा एक अंदाज बांधला जातो. अंदाजच आहे, पण मला तो पटतो, कारण एवढी सोन्याची कलाबूत रोजच्या शेतकामात कोण घालणार, आणि मोठ्या घरातल्या दायांना असा पोशाख देऊन मिरवायची पद्धत रशियात पुढं चांगली रुळलेली दिसते. तो अंदाज खरा असेल तर ‘कुमारिका’ हा शब्द किती हास्यास्पद आहे ते तुम्हीच बघा.

हा घोळ अलीकडचा आहे बरं का. १८३४ मध्ये झार पहिल्या निकोलायनं दरबारी बायकांना ‘रशियन’ पोशाख सक्तीचा केला तेव्हाही नियमात लग्न झालेल्यांना कोकोशनिक आणि न झालेल्यांना पट्टी असा फरक लिहिलेला होता, म्हणजे राजवाड्यातल्या लोकांनाही हे कळत होतं. मग पुढं स्टेज आलं, नाचाची पथकं आली, नववर्षाच्या कार्यक्रमातली बर्फकन्या स्नेगुरोच्का आली, डोक्यावर कोकोशनिक आणि खांद्यावर जाडजूड वेणी, दोन्ही एकदम. २०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला तर मिशावाले बाप्ये कोकोशनिक घालून स्टेडियममध्ये बसले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मजा करा. पण १७८४ चं चित्र बघताना डोक्यात स्नेगुरोच्का ठेवायची नाही.

आता कबुली. मीसुद्धा हे केलंय. भाचीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता, तिला रशियन शेतकऱ्याची मुलगी व्हायचं होतं, मी रात्री दोनपर्यंत बसून पुठ्ठा कापला, लाल वेल्वेट चिकटवलं, साडीची जुनी लेस लावली, मागून अस्तर घालून छान बंद केलं आणि तिचे केस सुळसुळीत आहेत म्हणून दोन वेण्या घालून आत पिनांनी घट्ट बसवले. दोन वेण्या, झाकलेलं डोकं. नऊ वर्षांच्या पोरीची मी रीतसर सवाष्ण करून पाठवली होती आणि मला ते कळलं दोन वर्षांनी. तो पुठ्ठा अजून माळ्यावर आहे.

दुसरा दोष भाषांतराचा. रशियनमध्ये ‘क्रेस्त्यान्का’ म्हणजे शेतकरी वर्गातली स्त्री, सोळाची असो नाहीतर साठची. इंग्रजीत येताना चेहरा बघून कुणीतरी तिची गर्ल करतं, आणि मराठीत आपण तेच उचलून ‘शेतकरी मुलगी’ म्हणतो. यात मुलगी तर चूकच, पण शेतकरी पण मला खटकतो. शेतकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सातबारा असलेला माणूस येतो. १८६१ पर्यंत जमीनदारांच्या गावातले हे लोक जमिनीसकट विकले जायचे, कधी जमिनीशिवायही. शाळेच्या इतिहासात आपण भूदास हा शब्द शिकलो होतो, तो वापरा की, चांगला शब्द आहे. आणि रशियन खेड्यात लग्न झालेल्या बाईला काय म्हणायचे माहितीये? बाबा. खरंच. हे सांगितलं की आमच्या ग्रुपवर दहा मिनिटं दुसरं काही चालत नाही.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत, पटापट उरकते. साराफान बघून काही ठरवू नका, उत्तर आणि मध्य रशियात तो मुलगीही घालायची आणि बाईही. डोक्याच्या रुमालाला बाबुश्का म्हणणं बंद करा, बाबुश्का म्हणजे आजी, रुमालाला प्लातोक म्हणतात, आणि रुमाल दोघीही बांधायच्या त्यामुळं व्हेनेत्सियानोवची रुमालातली ती मोठ्या डोळ्यांची मुलगी बघताना नुसत्या रुमालावरून काही बोलू नका. त्याच व्हेनेत्सियानोवचा १८२५ चा झाखारका हा मुलगा आहे, मोठी टोपी, खांद्यावर कुऱ्हाड, तरी आपल्याकडं सारिका-राधिकाच्या चालीवर त्याला मुलगी करणारे भेटलेत मला. माकोव्स्कीच्या मोत्यांनी लगडलेल्या बायका सतराव्या शतकातल्या सरदारघराण्यातल्या म्हणून रंगवलेल्या आहेत, त्यांना खेडूत म्हणणं म्हणजे पैठणी-शालूतल्या बाईला भांगलणीला पाठवणं. सेरोवची १८८७ ची पीच घेऊन बसलेली पोरगी व्हेरा मामोंतोवा, रेल्वेवाल्या गडगंज मामोंतोवांची लेक, गुलाबी ब्लाउज साधा दिसतो म्हणून ती गरीब होत नाही. आणि खार्लामोवच्या त्या गोड गोड पोरी, ज्या दर दुसऱ्या दिवशी ‘रशियन ग्रामकन्या’ म्हणून फिरतात, तो माणूस आयुष्याचा बराचसा काळ पॅरिसमध्ये राहिला, चित्रकार रशियन आहे म्हणून मॉडेलही रशियन खेड्यातली असं कुठं असतं का.

खरी खेड्यातली मुलगीच हवी असेल तर वास्नेत्सोवची अल्योनुश्का घ्या, १८८१ ची, तीही त्रेत्याकोवमध्येच. गोष्टीतलं पात्र आहे, पण त्यासाठी त्यानं खेड्यातल्या एका पोरीला बघूनच अभ्यासचित्रं काढली होती. तळ्याकाठी दगडावर गुडघे कवटाळून बसलीये, अनवाणी, केस विस्कटलेले, डोक्यावर काही म्हणजे काहीच नाही. हिला खुशाल मुलगी म्हणा.